दाणा शोधू द्या, पण पारखून द्या : पाळीव कृंतकांचा नैसर्गिक खाऊ

कृषी संशोधन संस्थेच्या वार्तापत्रात उंदीर येतो तो बहुधा नियंत्रणाच्या संदर्भात. बिळांची मोजणी, आमिषाची तयारी, साठवणुकीतील नासाडी हे आमचे नित्याचे विषय. प्रस्तुत लेखही त्याच गणातील प्राण्यांविषयी आहे. फरक इतकाच, की हे प्राणी आपण हौसेने घरी आणतो. सतत वाढणाऱ्या पटाशीच्या दातांनी कुरतडणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या या गणाला कृंतक म्हणतात. हॅम्स्टर, गिनीपिग आणि पांढरा उंदीर हे त्यांपैकी शहरी घरांत विशेष आढळणारे. त्यांना काय खायला द्यावे, याची चौकशी बरेच जण करतात; ते कसे द्यावे आणि कोठून आणावे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. या दोन प्रश्नांकडे माझे लक्ष वेधले ते माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे.

दोन वर्षांपूर्वी प्रक्षेत्र-भेटीहून हैदराबादला घरी परतले, तेव्हा माझ्या पिशवीत प्रात्यक्षिकातून उरलेली सूर्यफुलाच्या बियाण्याची पुडी होती. पिशवी मी दिवाणखान्यात तशीच ठेवली. थोड्या वेळाने मुलगी आनंदाने सांगत आली, “आई, त्याला गुलाबी बिया फार आवडल्या. सगळ्या गालात भरल्या बघ!” बिया गुलाबी होत्या, कारण त्यांना कीटकनाशक आणि बुरशीनाशक यांची बीजप्रक्रिया केलेली होती. आमचा हॅम्स्टर वाचला तो केवळ त्याच्या स्वभावामुळे. दाणे लगेच न खाता गालातील पिशव्यांत भरून बिळाकडे नेणे ही त्याच्या जातीची रीत. पशुवैद्यांनी त्या पिशव्या रिकाम्या करून धुतल्या आणि दोन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. ‘प्रक्रिया केलेले बियाणे खाण्यासाठी वापरू नये’ हे वाक्य मी शेतकरी मेळाव्यांत असंख्य वेळा उच्चारले आहे. घरात ते एकदाही उच्चारले नव्हते.

या प्रसंगानंतर मुलीने खाऊ देणेच बंद केले. वाडग्यात तयार गोळीखाद्य, बाटलीत पाणी, एवढेच. प्राणी सुरक्षित होता, पण रात्रभर पिंजऱ्याच्या तारा चावत बसे. खाऊ बंद करणे हे उत्तर नव्हे, हे तेव्हा ध्यानात आले.

वाडगे भरलेले, तरी प्राणी अस्वस्थ का?

आज घरोघरी दिसणारा सोनेरी हॅम्स्टर मूळचा सीरिया आणि दक्षिण तुर्कस्तानच्या सीमाभागातील. 1930 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या शेतातील बीळ खणून एक मादी व तिची पिले मिळवली. जगभरातील पाळीव व प्रयोगशाळेतील सोनेरी हॅम्स्टर बहुतांशी त्याच पिलांचे वंशज मानले जातात. दक्षिण तुर्कस्तानात पुढे या प्राण्याच्या बिळांची जी पाहणी झाली, तीत बिळांची सरासरी खोली सुमारे 65 सेंटीमीटर आढळली आणि कोणत्याही बिळात एकाहून अधिक प्रौढ प्राणी राहत नव्हता. म्हणजे हा प्राणी शेतात एकट्याने हिंडणारा, दाणे गोळा करणारा आणि खोल कोठार बांधणारा. ‘हॅम्स्टर’ हे नावच मुळी जर्मन भाषेतील साठेबाजीच्या क्रियापदाशी नाते सांगते.

अशा प्राण्यापुढे दिवसभराचे अन्न एका वाडग्यात ठेवले की त्याचे पोट भरते, पण त्याच्या जागेपणीचे काम संपते. हे काम प्राण्याला हवेसे असते, याचा पुरावा 1963 मध्ये मानसशास्त्रज्ञ ग्लेन जेन्सन यांच्या प्रयोगात मिळाला. उंदरांसमोर अन्नाने भरलेली वाटी होती आणि बाजूला दाबल्यावर खाद्याची गोळी देणारी दांडीही होती. फुकटचे अन्न समोर असताना अनेक उंदरांनी बराचसा आहार दांडी दाबून मिळवला. पुढे इतर अनेक प्राण्यांतही हा कल दिसून आला.

परिसराचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतो, हेही याच गणातील प्राण्यांनी दाखवून दिले. कॅनडातील डोनाल्ड हेब यांनी 1940 च्या दशकात काही उंदीर घरी पाळीव प्राण्यांप्रमाणे मोकळे वाढवले. पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांपेक्षा ते कूटप्रश्न सोडवण्यात सरस ठरले. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मार्क रोझेन्झवाइग, मेरियन डायमंड आणि सहकाऱ्यांनी खेळणी, सोबती व बदलता परिसर मिळालेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यक अधिक जाड असल्याचे नोंदवले. तेव्हा अन्न शोधण्याची संधी ही चैन नसून प्राण्याची गरज आहे, असेच म्हणावे लागते.

लहान दाण्याचे गणित

प्रौढ सोनेरी हॅम्स्टरचे वजन साधारण 100 ते 150 ग्रॅम आणि रोजचा आहार सुमारे 10 ग्रॅम. वरखाऊ एकूण आहाराच्या दहाव्या भागापेक्षा अधिक नसावा, हा सर्वसाधारण नियम धरला, तर त्याच्या वाट्याला दिवसाला 1 ग्रॅम खाऊ येतो. हा 1 ग्रॅम कसा खर्च करावा, हे ठरवण्यास धान्यशास्त्रातील एक साधे माप उपयोगी पडते : हजार दाण्यांचे वजन.

सूर्यफुलाच्या हजार बियांचे वजन साधारण 50 ग्रॅम भरते. म्हणजे 1 ग्रॅमात 20 बिया. बाजरीच्या हजार दाण्यांचे वजन 10 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 1 ग्रॅमात सुमारे 100 दाणे. राळ्याच्या हजार दाण्यांचे वजन 2 ते 3 ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच 1 ग्रॅमात 300 ते 500 दाणे! सूर्यफुलाचा खाऊ काही क्षणांत गालात जातो. तोच खाऊ राळ्याच्या रूपाने अंथरुणात विखुरला, तर प्राण्याला शेकडो वेळा हुंगावे, उकरावे आणि वेचावे लागते. शिवाय सूर्यफुलाच्या गराच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेल असतो, तर राळ्यात स्निग्धांश 4 टक्क्यांच्या आसपास. खाऊ तेवढाच, मेद कमी आणि काम कितीतरी अधिक.

राळे देशभर वेगवेगळ्या नावांनी मिळते : हिंदीत कंगनी, तेलुगूत कोर्रलु, कन्नडात नवणे, तमिळमध्ये तिनै. किराणा दुकानात ‘राळ्याचा तांदूळ’ म्हणून मिळते ते धान्य सडलेले, म्हणजे टरफल काढलेले असते. खाऊ म्हणून ते चालते, पण टरफल सोलण्याचे काम त्यात उरत नाही आणि ते पेरले तर उगवत नाही. टरफलासहित दाणे पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतात. त्यांपैकी मूठभर दाणे सज्जातील कुंडीत पेरल्यास साधारण 80 ते 90 दिवसांत कणसे तयार होतात. पिवळी पडलेली कणसे देठासह कापावीत, सावलीत टांगून वाळवावीत आणि पिंजऱ्यात उभी बांधावीत. कणसावर चढून दाणे खुडणारा हॅम्स्टर पाहिला की वाडग्याची उणीव काय होती, ते वेगळे सांगावे लागत नाही.

रोजचे गोळीखाद्यही वाडग्यात न ठेवता विखरून द्यावे. आहार तोच राहतो, फक्त तो मिळवण्याची रीत बदलते.

प्रत्येक प्राण्याचा खाऊ वेगळा

तिन्ही प्राणी कृंतक असले, तरी त्यांचा आहार एक नाही. गिनीपिग हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज भागातील पूर्ण शाकाहारी प्राणी. त्याचे पुढचे दात आणि दाढाही आयुष्यभर वाढत असल्याने वाळलेले गवत हाच त्याचा मुख्य आहार. मानवाप्रमाणे त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक यांना 1907 मध्ये स्कर्व्ही रोगाचा अभ्यास गिनीपिगवर करता आला तो यामुळेच. त्यास पेरू किंवा ढोबळी मिरचीची लहान फोड रोज द्यावी. धान्य व कीटक त्याला देऊ नयेत. अन्नशोध घडवायचा तर गवत पुठ्ठ्याच्या नळीत घट्ट भरावे किंवा कोथिंबिरीची जुडी पिंजऱ्यात उंचावर बांधावी.

पांढरा उंदीर सर्वाहारी व समूहप्रिय आहे. कागदाच्या बोळ्यात दडवलेले चार दाणे सोडवण्यात तो आणि त्याचे सोबती रमतात. हॅम्स्टर मुख्यतः धान्यभक्षी असला, तरी निसर्गात कीटकही खातो. बुटक्या जातीच्या हॅम्स्टरमध्ये मधुमेहाची प्रवृत्ती आढळते. त्यांना गोड फळे टाळलेलीच बरी. कांदा, लसूण, चॉकलेट, कच्चा राजमा, हिरवा पडलेला बटाटा आणि टोमॅटोची पाने यांपैकी काहीही कोणत्याही कृंतकास देऊ नये.

धान्य कोठून आले?

येथे कीटकशास्त्राचा संबंध येतो. कृंतक प्राण्यांना उलटी करता येत नाही. आपल्या पोटात काही वाईट गेले तर शरीर ते बाहेर टाकण्याचा प्रयत्न करते. या प्राण्यांना ती सोय नाही. उंदीरनाशक आमिषे परिणामकारक ठरतात त्यामागे हेही एक कारण आहे. जे शेतातील उंदराला लागू, तेच मांडीवरच्या हॅम्स्टरला लागू. म्हणून पुढील पाच बाबी तपासल्याखेरीज धान्य पिंजऱ्यात जाऊ नये.

पहिली बाब, पेरणीचे बियाणे. बाजारातील बाजरी, मका, सूर्यफुलाच्या बियाण्यास थायरम, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारख्या रसायनांची प्रक्रिया केलेली असते. बाजरीस केवडा रोगासाठी मेटॅलॅक्सिल लावतात. ओळख पटावी म्हणून अशा बियाण्यास लाल, गुलाबी, निळा वा हिरवा रंग दिलेला असतो. धुतल्याने रंग फिका होतो. बियाणे निर्धोक होत नाही. पेरणीची पिशवी आणि खाऊची बरणी एका कपाटात कधीही ठेवू नये.

दुसरी, साठवणुकीतील औषधे. घरच्या धान्यास बोरिक पावडर चोळण्याची किंवा डब्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडने धुरी दिलेल्या धान्यात गोळ्यांची राखाडी भुकटी राहून गेलेली असू शकते. गावाहून आलेले धान्य घरच्यांना विचारूनच वापरावे.

तिसरी, बुरशी. शेंगदाणा व मका यांवर वाढणारी पिवळट हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष निर्माण करते. सुरकुतलेला, कुबट वासाचा दाणा टाकून द्यावा. बाजरीच्या कणसावर अरगट रोगाचे कठीण, काळपट, दाण्याबाहेर डोकावणारे पिंड दिसल्यास पूर्ण कणीस नष्ट करावे. त्यांत विषारी अल्कलॉइड असतात.

चौथी, शेतातून थेट तोडलेली कणसे. फुलोऱ्यातील बाजरीवर आणि मूग-उडदाच्या फुलांवर काळे, नारिंगी-पिवळ्या पट्ट्यांचे भुंगेरे बसतात. शेतकरी त्यांना हिंगे म्हणतात. त्यांच्या शरीरातील कॅन्थारिडिन या द्रव्याने त्वचेवर फोड येतात आणि ते पोटात गेल्यास प्राणघातक ठरू शकते. मेलेल्या, वाळलेल्या भुंगेऱ्यातही ते टिकून राहते. परदेशात लसूणघासाच्या गवतातून असे भुंगेरे पोटात जाऊन घोडे दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून शेतातील कणीस झटकून, उलगडून पाहिल्याशिवाय देऊ नये. कोवळ्या ज्वारीची पाने तर देऊच नयेत. त्यांतील धुरीन या द्रव्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते.

पाचवी, साठवणुकीतील किडी. तांबडा भुंगेरा पिठात व फुटलेल्या दाण्यांत क्विनोन सोडतो, त्यामुळे धान्यास उग्र वास येतो. खापरा भुंगेऱ्याच्या अळीचे सूक्ष्म केस धान्यात गळून पडतात आणि आतड्यास त्रास देतात. दाण्यांची जाळी करणारा तांदळाचा पतंग आम्ही प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवतो, कारण त्याच्या अंड्यांवर ट्रायकोकार्ड तयार होतात. त्याच्या पंखांवरील खवल्यांचा श्वसनास होणारा त्रास तेथे काम करणाऱ्यांस ठाऊक आहे. लहान पिंजऱ्यात नाक खुपसून दाणे शोधणाऱ्या प्राण्यास तो अधिकच बाधेल.

यांवरील उपाय सोपा आहे. नवे धान्य हवाबंद पिशवीत भरून उणे 18 अंश सेल्सिअस तापमानाच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावे. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ या चारही अवस्था मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानास येईपर्यंत उघडू नये, अन्यथा दाण्यांवर दव साचून बुरशी येते. मात्र जे धान्य आधीच किडलेले आहे, त्यास गोठवून उपयोग नाही. किडे मरतात, केस, विष्ठा आणि क्विनोन तसेच राहतात.

कीटक : खाऊ म्हणून

हॅम्स्टर व उंदरांस अधूनमधून कीटक देणे त्यांच्या निसर्गास धरूनच आहे. बाजारात मिळणारा मीलवर्म ही एका भुंगेऱ्याची अळी. ताज्या अळीत सुमारे 20 टक्के प्रथिने असतात, परंतु स्निग्धांशही 13 टक्क्यांच्या आसपास असतो आणि फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फार थोडे. तेव्हा आठवड्यातून दोन-तीन वाळवलेल्या अळ्या पुरेत. त्याही हातात न देता अंथरुणात पुराव्यात. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांत कॅल्शियम चांगले असते. पण त्या कशावर वाढवल्या आहेत, हे ठाऊक असल्याशिवाय घेऊ नयेत.

घरातील झुरळ, अंगणातील टोळ किंवा दिव्याखाली पडलेले किडे मात्र देऊ नयेत. झुरळ कदाचित विषारी जेल खाऊन आलेले असते, टोळ नुकत्याच फवारलेल्या शेतातून. कीटक कोठे वाढला हे ज्याला सांगता येत नाही, त्याने तो खाऊ म्हणून देऊ नये.

उकरायला जागा, कुरतडायला लाकूड

विखुरलेला दाणा शोधायचा तर उकरण्याजोगे अंथरूण हवे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात सोनेरी हॅम्स्टर 10, 40 आणि 80 सेंटीमीटर खोलीच्या थरावर ठेवले होते. 10 सेंटीमीटरच्या गटात तारा चावण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले. 80 सेंटीमीटरच्या गटात ते दिसलेच नाही. घरी 80 सेंटीमीटर जमत नसले, तरी पिंजऱ्याऐवजी खोल काचपेटी किंवा हवेशीर झाकणाचा मोठा प्लास्टिक खोका वापरून 30 ते 40 सेंटीमीटरचा थर देता येतो. आमच्या घरी तारा चावणे थांबले ते हा बदल केल्यानंतरच.

थरासाठी बिनरंगी, बिनछपाईचा कागद, स्वच्छ भाताचा पेंढा आणि मक्याच्या कणसाची वाळलेली साले एकत्र मिसळावीत. मऊ कापूस देऊ नये; त्याचे तंतू पायांत अडकतात आणि गिळले गेल्यास आतड्यात गोळा होतो. नारळाची करवंटी कडा घासून, भोक मोठे करून पालथी ठेवली की उत्तम घरटे होते. कुरतडण्यास पेरू किंवा तुतीची, कधीही फवारणी न झालेली डहाळी धुऊन, वाळवून द्यावी. कण्हेर, रुई, धोतरा आणि गाजरगवत यांचा कोणताही भाग पिंजऱ्याजवळ येऊ देऊ नये.

हॅम्स्टरचे कोठार दर आठवड्यास पाहावे. ओला, बुरसटलेला दाणा काढावा, कोरडा साठा जागेवर राहू द्यावा. साफसफाईच्या नावाखाली सगळे कोठार उपसले, तर त्याची सारी मेहनत वाया जाते आणि तो अस्वस्थ होतो.

नवे अन्न हळूहळू

उंदीर अनोळखी अन्नास प्रथम थोडेसेच तोंड लावतो आणि थांबतो. ज्याला उलटी करता येत नाही, त्याचे हे संरक्षण आहे. या संशयी स्वभावामुळेच शेतात झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवण्यापूर्वी एक-दोन दिवस बिनविषारी आमिष ठेवावे, अशी शिफारस आम्ही करतो. त्याच ज्ञानाचा घरी उलट उपयोग करता येतो. एका वेळी एकच नवा पदार्थ, चिमूटभर द्यावा, एक दिवस थांबावे, लेंडी व चपळता पाहावी आणि मगच दुसरा पदार्थ आणावा. खाणे थांबले, अंग फुगले वा लेंडी पातळ झाली, तर घरगुती औषध न करता त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. इतक्या लहान प्राण्यास वाट पाहणे परवडत नाही.

आमच्या घरी आता खाऊची एक वेगळी काचेची बरणी आहे. धान्य कोठून आले आणि फ्रीझरमध्ये कधी ठेवले, हे मुलीने तिच्यावर चिठ्ठीने लिहिले आहे. प्रक्षेत्रावरची माझी पिशवी घराच्या दारातच रिकामी होते. शेतकऱ्यास दिलेला प्रत्येक सल्ला आपल्या स्वयंपाकघरालाही लागू असतो, एवढे भान आम्हा शास्त्रज्ञांनी ठेवले आणि पालकांनी खाऊ देण्यापूर्वी त्या दाण्याचा प्रवास विचारला, तर या मुक्या प्राण्यांना दाणा शोधण्याचा आनंद निर्धास्तपणे देता येईल.